मैत्री मीच तोडली, तरी दुःख माझंही आहे

२०२३ च्या दिवाळीआधीच्या रविवारी मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीच्या घरी गेले आणि तिला सांगितलं, की आता आपलं इथंच थांबू दे. २४ वर्षांची मैत्री होती. १९९९ साली कोल्हापुरात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्ही एका बाकावर बसलो, तिथून सुरू झालेली. माझ्या बाळंतपणात आई गावाहून पोचायच्या आत दवाखान्यात ती हजर होती. २०१९ च्या महापुरात तिचं घर पाण्यात गेलं, तेव्हा ती, तिचा नवरा आणि दोन्ही पोरं ११ दिवस आमच्या दोन खोल्यांत राहिली. रात्री सगळे झोपले की आम्ही दोघी ओट्यापाशी मेणबत्ती लावून चहा प्यायचो.

मग का तोडली? माझ्या घरातली एक गोष्ट, जी मी आईलासुद्धा सांगितली नव्हती, ती मला भिशीत दुसऱ्याच बाईच्या तोंडून ऐकायला मिळाली. असं तिसऱ्यांदा झालं. पहिल्या दोन वेळा मी तिच्याशी बोलले होते, ती रडली होती, मी सोडून दिलं होतं. तिसऱ्या वेळी भांडायचंही बळ उरलं नव्हतं. तिच्यासमोर तोंड उघडण्याआधी मी शब्द मोजायला लागले होते, आणि तसं करत पुढची वीस वर्षं काढणं मला जमणार नव्हतं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. तिचीही बाजू असेल, आणि ती इथं बोलायला नाही.

त्या रविवारी घरी आले, चपला काढल्या, आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ सोडून, कारण घरातल्यांना ऐकू जाऊ नये. ज्याला कुणी सोडून जातं त्याच्या पाठीवर लोक हात ठेवतात. जो सोडतो त्याला विचारतात, "तूच तोडलंस ना? मग आता काय?" मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. हे लिखाण त्या नळ सोडून रडणाऱ्या माणसासाठी आहे. मैत्री असो, ठरलेलं लग्न असो, दहा वर्षांचं प्रेम असो. ते तुम्ही स्वतः संपवलं असेल, विचार करून संपवलं असेल, आणि तरीही पोटात खड्डा पडला असेल, तर मला जे उपयोगी पडलं ते मी सांगते. मी समुपदेशक नाही, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पण यातून गेले आहे, आणि मधल्या काळात एका समुपदेशक बाईंकडं सहा वेळा जाऊन आले आहे.

आधी सुतक धरा

आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात करून आणतात. नातेवाईक कडू घास घेऊन येतात. देवपूजा बंद असते, सणसमारंभ बंद असतो, आणि त्या घरातल्या बाईनं हसून बोलावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तिसऱ्या दिवशी काय, दहाव्याला काय, तेराव्याला काय, हे सगळं ठरलेलं असतं. म्हणजे उद्या काय करायचं याचा विचार दुःखातल्या माणसावर पडत नाही.

मैत्री गेली की यातलं काहीच होत नाही. सोमवारी पावणेदहाला मी काउंटरला बसले होते. दिवाळीच्या तोंडावर पैसे काढायला रांग लागलेली. नोटा मोजताना दोनदा चुकले.

समुपदेशक बाईंनी मला पुढं सांगितलं, की याचा अभ्यास झालेला आहे. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये ज्या दुःखाला समाजाची मान्यताच नाही अशा दुःखाबद्दल लिहिलं. घटस्फोटित नवरा वारला, न जन्मलेलं मूल गेलं, लपवून ठेवलेलं नातं संपलं. अशा वेळी माणूस दुःख करतो, पण उघड करू शकत नाही, म्हणून ते अधिक अवघड होऊन बसतं. हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. माझ्या दुःखाला नुसतं कुणी नाव दिलं, एवढ्यानंच.

पण त्याआधीच, अंदाजानं, मी एक केलं होतं. मंगळवारी रात्री सासूबाईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी १३ दिवस सुतक धरणार आहे.

त्या घाबरल्या. "जित्या माणसाचं सुतक धरत्यात व्हय? आन् ते बी दिवाळीत?"

"तिचं नव्हे ओ. ती शंभर वर्षं जगू दे. आमच्या मैत्रीचं."

त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मी उठले तर ताटलीत गरम भाकरी, वर दूध. "खा. कडू घास समज," म्हणाल्या आणि देवघरात निघून गेल्या.

तुम्हीही १३ दिवस घ्या. शब्द तुम्हाला खटकत असेल तर दुसरा घ्या, पण दिवस मोजून घ्या. या दिवसांत काय पाळायचं, ते मी असं ठरवलं होतं. भूक नसली तरी वेळेवर दोन घास खायचे. मऊ भात, मेतकूट, दूध-भाकरी, जे घशाखाली उतरेल ते. नुसत्या चहावर राहायचं नाही, त्यानं रात्रीची झोप आणखी जाते. रोज अंघोळ, रोज थोडं ऊन. घरातल्या एका माणसाला खरं सांगायचं, सगळ्यांना नाही. कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही. मला त्या आठवड्यात भिशी सोडायची होती, कॉलेजच्या ग्रुपमधून बाहेर पडायचं होतं, नंबरच बदलायचा होता. यातलं काहीही १३ दिवसांत केलं नाही, आणि नंतर बहुतेक गोष्टी करायची गरजच वाटली नाही.

सणाचं काय, तर सण अर्धा करा. मी त्या वर्षी फक्त चिवडा केला. चकलीची भाजणी आम्ही दोघी दर वर्षी एकत्र दळून आणायचो, ती दळलीच नाही. मुलीला सांगितलं, यंदा मला बरं नाही, लाडू विकतचे आणू. तेरावा दिवस भाऊबीज होऊन गेल्यावर आला. त्या दिवशी शिरा केला, घरातल्यांना वाढला, स्वतः खाल्ला. दुःख काही संपलं नाही तेराव्याला, घरात कुणी गेल्यावरही ते तेराव्याला संपत नाहीच. पण दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पडायचं असतं, तेवढं मला जमलं.

फोन

पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दहा-बारा वेळा तिचं स्टेटस बघायचे. तुम्ही बघितलंत की तिथं तुमचं नाव तिला दिसतं, हे लक्षात ठेवा. तिला ते बोलावणं वाटू शकतं, आणि मग दोन्हीकडची जखम ओली राहते. तिचं स्टेटस म्यूट करा. चॅट आर्काइव्हमध्ये टाका. डिलीट करू नका. रागाच्या भरात २४ वर्षांतलं काय काय पुसून टाकाल आणि एखाद्या रात्री त्याच्यासाठी तळमळाल. समोरचा माणूस त्रास देत असेल, धमकावत असेल, तर मात्र सरळ ब्लॉक करा, आणि मेसेज पुरावा म्हणून जपून ठेवा.

फोटोंचं मी असं केलं. सगळे एका पेनड्राइव्हवर घेतले आणि तो सांगलीला बहिणीकडं ठेवायला दिला. तिला एवढंच सांगितलं, की वर्षाच्या आत मागितला तर देऊ नकोस. गुगल फोटो मात्र काही केल्या ऐकत नव्हतं. सकाळी उठलं की "पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी" म्हणून आमचा रंकाळ्यावरचा फोटो पुढ्यात. त्याच्या सेटिंगमध्ये आठवणींतून एखाद्या माणसाचा चेहरा लपवायची सोय आहे. मला ती मुलीनं दाखवली. तिचा चेहरा लपवायचं बटण दाबताना माझा हात थरथरला, हे खरं सांगते. पण त्यानंतर सकाळी फोन हातात घ्यायची भीती गेली.

रात्री साडेअकरानंतर काहीही पाठवायचं नाही हा नियम करा. लिहावंसं वाटलं तर वहीत लिहा, सकाळी आठनंतर वाचा, आणि तेव्हाही पाठवावंसं वाटलं तर बघा. माझ्या वहीत असे नऊ मेसेज आहेत. एकही गेला नाही.

आठवण येऊ नये म्हणून धडपडू नका

डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. शिवाय दाबून ठेवलेला विचार नंतर मोकळीक मिळाल्यावर आणखी जोरानं आला. मला हे आधी माहीत असतं तर मी तिच्या आठवणीशी महिनाभर कुस्ती खेळले नसते.

त्यापेक्षा तिला वेळ ठरवून द्या. मी रात्री साडेआठ ते आठ पन्नास ही वेळ दिली. गच्चीवर जायचं, हवं तेवढं आठवायचं, रडायचं, तिच्याशी मनात भांडायचं. दिवसा काउंटरवर ती आठवली की मी मनात म्हणायचे, "साडेआठला ये." पहिले काही दिवस हे खोटं वाटतं. पुढं मन ऐकायला लागतं, कारण त्याला ठाऊक असतं की वेळ खरोखर मिळणार आहे. म्हणून ती वेळ चुकवू नका. जानेवारीत एकदा साडेआठला गच्चीवर गेले आणि वीस मिनिटं टाकीच्या गळतीचाच विचार करत बसले. खाली येताना लक्षात आलं.

लिहिण्याचंही तसंच. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाणं कमी झालं. पण लिहून झाल्या झाल्या त्यांना अधिक वाईट वाटत होतं, हेही त्यात नोंदलेलं आहे. माझ्याबाबत अगदी तसंच झालं. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका, आणि लिहिल्यावर घरात कुणी तरी जागं असेल असं बघा.

"मी वाईट आहे का?"

ज्यानं तोडलं त्याच्या दुःखात हे एक जास्तीचं असतं. याच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस अडकले होते, म्हणून इथं थोडी थांबते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली आणि मराठीत जी कि. मो. फडके यांनी रुजवली, तिच्यात खंत आणि अपराधीपणा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. खंत ही कृत्याबद्दल असते. अपराधीपणात माणूस कृत्यावरून उठून स्वतःवर शिक्का मारतो. समुपदेशक बाईंनी मला घरी करायला काम दिलं: मनात येणारं प्रत्येक वाक्य लिहायचं, आणि पुढं लिहायचं, हे कृत्य की शिक्का?

पतसंस्थेतल्या जुन्या रोजमेळाचं एक कोरं पान घेतलं. डावीकडं वाक्य, उजवीकडं निकाल.

"मी दिवाळीच्या तोंडावर सांगितलं." कृत्य. खरं आहे. पंधरा दिवस थांबता आलं असतं. याची खंत मला आजही आहे, आणि ती असू दे.

"मी तिच्या सासूसमोर मोठ्या आवाजात बोलले." कृत्य. याबद्दल मी तिला दुसऱ्या दिवशी एका ओळीचा मेसेज केला: आवाज चढवला त्याबद्दल माफ कर, निर्णय तोच आहे. असं करता येतं. वागण्याची माफी मागितली म्हणून निर्णय मागं घ्यावा लागत नाही.

"मी कृतघ्न आहे." शिक्का.

"बाळंतपणात तिनं एवढं केलं आणि मी हे असं फेडलं." हे वाक्य मी तीन दिवस कुठल्याच रकान्यात टाकू शकले नाही. मग कामावर एका सभासदाचं खातं बंद करत असताना सुचलं. खातं बंद करताना आम्ही आधीच्या नोंदी खोडत नाही. वीस वर्षांपूर्वीची पन्नास रुपयांची जमा तशीच त्या पानावर राहते. तिनं दवाखान्यात केलेलं माझ्या पानावर जमाच आहे, आणि मरेपर्यंत राहील. ते कबूल करायला मला तिच्याशी रोज बोलावंच लागेल असं नाही.

तुमच्याही मनात असं एखादं वाक्य असेल. ते लिहा आणि काही दिवस तसंच उघडं राहू द्या. घाईनं उत्तर लिहू नका.

आणि आठवण आली, भेटावंसं वाटलं, म्हणून निर्णय चुकला असं लगेच मानू नका. मी तिला डिसेंबरभर रोज शोधत होते, आणि तरीही तिला घरातलं काही सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

लोक, भिशी, उसन्या वस्तू

आमची भिशी १२ जणींची, महिना दोन हजारांची. माझी उचल गणपतीतच झाली होती, पाच हप्ते बाकी होते. उचल घेऊन मध्येच बाहेर पडणं म्हणजे बाकीच्या अकरा जणींना बुडवणं. मी हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला भिशी चालवणाऱ्या वहिनींना ऑनलाइन पाठवत राहिले, बैठकीला गेले नाही, शेवटचा हप्ता गेल्यावर सांगून बाहेर पडले. पैशाचं काही अडकलेलं असेल तर ते आधी स्वच्छ करा. पैसा अडकला की मन सुटत नाही.

उसन्या वस्तूंची यादी करा आणि सगळ्या एका खेपेत पोचवा. तिचा मोठा कुकर, मुलांची पुस्तकं, एक शाल. एका पिशवीत भरून नवऱ्यानं नेऊन दिली. रोज एक वस्तू सापडतेय आणि रोज एक निमित्त मिळतंय, असं होऊ देऊ नका. भेटी परत करायच्या नाहीत. तिनं चाळिसाव्या वाढदिवसाला दिलेली इरकल माझ्याकडं आहे. पहिल्या वर्षी कपाटाच्या तळाला होती, आता नेसते.

लोक विचारणारच. एक वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा. माझं होतं, "आमचं सध्या बोलणं नाही, आणि कारण दोघींतच राहू दे." लोक दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा सोडून देतात.

हे वाक्य मी एकदा मोडलं. डिसेंबरात एका जुन्या मैत्रिणीनं फार मायेनं विचारलं आणि मी तासभर सगळं ओतलं. त्यात तिच्या, म्हणजे जिला मी सोडलं तिच्या, घरातल्या दोन गोष्टी होत्या, ज्या तिनं मला विश्वासानं सांगितल्या होत्या. त्या रात्री मला जिंकल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी मळमळायला लागलं. ज्या कारणासाठी मी २४ वर्षांची मैत्री संपवली, तेच मी केलं होतं. मी त्या जुन्या मैत्रिणीला फोन करून म्हटलं, मी सांगायला नको होतं, तुझ्यापाशीच ठेव. तिनं ठेवलं की नाही, मला माहीत नाही. तुमचा राग कितीही खरा असला, तरी त्या माणसाची गुपितं ही त्याचीच आहेत. ती सांभाळलीत तर स्वतःकडं बघणं सोपं जातं. हे मी अनुभवानं सांगते आहे.

नवऱ्याला काय हवंय ते स्पष्ट सांगा. माझा नवरा भला माणूस, पण तो दर वेळी उपाय सांगायचा. मी म्हटलं, उपाय नको, दहा मिनिटं नुसतं ऐक. त्याला ते जमलं.

मुलीची मावशी

मोठ्या माणसांच्या मैत्रीत मुलंही राहतात. माझी मुलगी तेव्हा १३ वर्षांची. ती माझ्या या मैत्रिणीला जन्मापासून मावशी म्हणते. मी मुलीला आठवडाभर काहीच सांगितलं नाही, आणि त्या आठवड्यात तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं की काही तरी तिच्यामुळं झालंय. तिच्या हातून मावशीच्या घरातली बरणी फुटली होती, म्हणून. हे मला नवव्या दिवशी कळलं. कृपा करून एवढा वेळ लावू नका. पहिल्या दोन दिवसांतच सांगा, कमी शब्दांत सांगा, आणि "यात तुझा काही संबंध नाही" हे दोनदा सांगा.

मी तिला म्हटलं, "मावशीचं आणि माझं आता बोलणं नाही. मला तिचं एक वागणं सहन झालं नाही. तू तिच्याशी बोलू शकतेस, तिच्या मुलीबरोबर ट्यूशनला जाऊ शकतेस."

तिनं विचारलं, "मग मावशीनं दिलेला ड्रेस घालायचा का?"

"घाल."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल थोडं. तरी घाल."

तिनं तो घातला आणि मला खरंच वाईट वाटलं, आणि त्यानं काही बिघडलं नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. मुलांकडून निरोप पाठवायचे नाहीत. आणि तिकडून आल्यावर "काय म्हणत होती मावशी?" असं विचारायचं नाही. दुसरी गोष्ट फार अवघड आहे. मी पदराचं टोक मुठीत धरून गप्प बसायचे. मुलीला तिच्या मावशीचं दुःख वेगळं होतं, तिनं काही सोडलं नव्हतं. तिला माझ्यावर रागवायचा हक्क होता आणि ती फेब्रुवारीपर्यंत रागावलेली होती. मी समजूत घालत बसले नाही. जेवायला बोलवत राहिले.

कालनिर्णयावर खुणा

नवीन वर्षाचं कालनिर्णय भिंतीवर लागलं त्याच दिवशी मी पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. संक्रांत, तिच्याकडचं हळदीकुंकू, तिचा वाढदिवस, माझा वाढदिवस, गौरी, दसरा. दसऱ्याला आम्ही दोघी सोनं द्यायला दसरा चौकातून परस्पर एकमेकींच्या घरी जायचो. हे दिवस अचानक अंगावर येऊ देऊ नका. त्या दिवशी संध्याकाळी कुठं असायचं, ते आधी ठरवा. तिच्या वाढदिवसाला मी बहिणीकडं सांगलीला गेले. संक्रांतीला समोरासमोर आलोच, बाजारात. तिळगूळ होता हातात. दिला, घेतला, दोघी पुढं गेलो. तिळगूळ दिला म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नसतं. दिला नसता तर मात्र मला झोप लागली नसती.

रिकाम्या वेळेचं थोडक्यात. गुरुवारी कामानंतर आम्ही रंकाळ्याला एक फेरी मारायचो. त्या वेळेत दुसऱ्या मैत्रिणीला लगेच बसवू नका, तिच्यावर अन्याय होतो. मी सकाळी विद्यापीठाच्या आवारात चालायला लागले. रस्ता वेगळा, वेळ वेगळी, झाडं खूप. रंकाळ्यावर परत गेले ते पाच महिन्यांनी.

कधी मदत घ्यायचीच

दोन आठवडे उलटून गेले आणि तरीही बहुतेक दिवस झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, मुलांकडंही बघवत नाही, तर डॉक्टरांकडं किंवा समुपदेशकाकडं जा. मी सहाव्या आठवड्यात गेले, आधी जायला हवं होतं. जगण्यातच अर्थ नाही असं मनात आलं, एकदाही आलं, तर दिवस मोजू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, चोवीस तास आणि मोफत. मराठीत बोलता येतं. शेजारच्या माणसाला हाक मारा, एकटं बसू नका.

आणि तुमचं नातं मारहाणीचं, धाकाचं असेल, तर माझ्यासारखं घरी जाऊन समोरासमोर सांगायच्या फंदात पडू नका. आधी सुरक्षित जागी जा, मग फोनवरून किंवा दुसऱ्या कुणाकडून कळवा. महिलांसाठी १८१ आहे, पोलिसांसाठी ११२.

पाणी वाढलं तेव्हा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक हे आकडे तासातासाला विचारतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. २०२४ च्या जुलैत परत धोक्याची पातळी ओलांडली. त्या दिवशी मी काउंटरवर बसून फोनवर आकडा बघत होते आणि तिचं घर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आठ महिने झाले होते बोलणं बंद होऊन.

मी आर्काइव्हमधली चॅट उघडली, बंद केली. खूप विचार केला. मी फोन केला असता तर तो मदतीचा राहिला नसता, आमच्या दोघींचा झाला असता. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, तू तिच्या मिस्टरांना फोन कर, गाडी लागली, जागा लागली तर रात्री कधीही सांगा म्हणावं. त्यानं केला. ते म्हणाले, सामान वर चढवलंय, लागलं तर कळवतो.

मी माळ्यावरच्या चार गाद्या काढून उन्हं नव्हती म्हणून पंख्याखाली टाकल्या. सासूबाई बघत होत्या. त्यांनी तांदूळ जास्तीचा निवडून ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं, ते सगळे तिच्या भावाकडं राजारामपुरीला गेले आहेत, सुखरूप आहेत. गाद्या मी पाणी उतरेपर्यंत तशाच ठेवल्या, मग घड्या घालून परत माळ्यावर टाकल्या.